वळणे कुणाचे, वळवणे कुणाचे

आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही प्रतिपक्षाला स्वतःला मांडता आला असता तितक्याच ताकदीने, आणि मग उत्तरपक्षाने त्याला सामोरे जायचे, ही शास्त्रचर्चेची आपल्याकडची जुनी रीत. 'वळणे' या रोजच्या क्रियापदाविषयी लिहिताना मी तीच रीत धरतो आहे, कारण या शब्दाबद्दल माझे जे म्हणणे आहे त्याला विरोध करणारी बाजू पोकळ नाही. इथला पूर्वपक्ष वृत्तपत्रात रोज मथळे लिहिणाऱ्या, वेळेशी बांधलेल्या माणसाचा आहे. उत्तरपक्ष माझा.

पूर्वपक्ष : वळणे म्हणजे दिशा बदलणे. रस्ता वळतो, नदी वळते, माणूस चालता चालता डावीकडे वळतो. यात समजावून सांगण्यासारखे काय आहे? तुम्ही म्हणाल, लाडू वळतात, वाती वळतात, दोर वळतात, गुरे वळतात, भीतीने बोबडी वळते. कबूल. पण मोल्सवर्थपासून दाते-कर्व्यांपर्यंत कोणताही कोश उघडा, हे अर्थ एकाखाली एक वेगवेगळे मांडलेले सापडतील. बोलणाऱ्याच्या मनातही ते वेगळेच असतात. दिवाळीत रव्याचे लाडू वळणाऱ्या बाईला खंडाळ्याच्या घाटातले वळण आठवत नाही, आणि घाटातल्या ट्रकचालकाला लाडू आठवत नाहीत. एका उच्चाराखाली चार-पाच शब्द राहत असतील तर राहू द्यावेत. त्यातून शहरातली मुले आता 'लेफ्ट मार' आणि 'टर्न घे' म्हणतात. भाषेचे काही अडत नाही. मग हा खटाटोप कशासाठी?

उत्तरपक्ष : 'टर्न'चे आधी मिटवून टाकू. दुचाकीच्या मागच्या बाकावरून कुणी 'राइट घे' म्हणाले म्हणून मराठीचे काही बिघडले, असे मला वाटत नाही. रस्त्यावरच्या पाट्या अजून 'पुढे वळण आहे' असेच सांगतात, आणि मोबाइलमधला नकाशा मराठीत बोलायला लागला की 'डावीकडे वळा' म्हणतो. तो अर्थ सुरक्षित आहे. माझे म्हणणे दुसरे आहे. हे चार-पाच शब्द नाहीत, एकच शब्द आहे, आणि दिशा बदलणे हा त्याचा गाभा नव्हे. सरळ असलेली किंवा सरळ जाणारी गोष्ट कोणत्या तरी जोराखाली वाकते, हा त्याचा गाभा आहे. तो जोर कुठून आला हे मराठी प्रत्येक वेळी वाक्यरचनेतून सांगते. यासाठी मी व्युत्पत्तीचा आधार घेत नाही. संस्कृतातला 'वल्' धातू, त्यातून आलेले 'वलय', आपल्याकडचे 'वळसा', 'वळकटी', पोटावरच्या 'वळ्या', शेजारच्या गुजरातीतले 'वळवुं', हे सगळे गोत्र खरे आहे. पण बोलणाऱ्याला ते ठाऊक नसते, त्यामुळे तुमचा आक्षेप तिथे टिकेल. मी बोलणाऱ्याला न शिकवता येत असलेले व्याकरण पुराव्याला घेतो. 'रस्ता वळला' आणि 'आईने लाडू वळला' ही दोन वाक्ये पाहा. क्रियापदाचे रूप तेच, पण पहिल्यात कर्ता एकटा उभा आहे, दुसऱ्यात त्याला 'ने' लागला आहे. आता गाडी घ्या. 'गाडी वळली' चालते, 'चालकाने गाडी वळवली' चालते, पण 'चालकाने गाडी वळली' असे कुणी म्हणत नाही. उलट 'आईने लाडू वळवले' असे म्हटले तर ऐकणारा विचारील, कुणाकडून वळवून घेतले? गाडी स्वतः चालते, चालक तिला फक्त वळायला लावतो, म्हणून 'वळवणे'. लाडू आपणहून चालत नाही, त्याचा आकार थेट तळहातातून येतो, म्हणून नुसते 'वळणे'. हा भेद शाळेत कुणी शिकवत नाही आणि मराठी घरात वाढलेले मूल तो चुकतही नाही. शब्द खरोखर तुटून चार झाले असते, तर त्या चारही तुकड्यांनी जोराचा हा हिशेब इतका काटेकोर सांभाळला नसता.

पूर्वपक्ष : तुमचा नियम गुरांपाशी मोडतो. गुरे आपल्या पायांनी चालतात. तुमच्या हिशेबाने गुराख्याने गुरे 'वळवली' पाहिजेत. पण मराठीत गुरे 'वळतात'. काल्याच्या अभंगांतले गोपाळही गाई वळतात. आणि बोबडी? ती कुणाचा तळहात वळतो?

उत्तरपक्ष : गुरांचा आक्षेप मोलाचा आहे, कारण त्याने नियम अधिक नेमका होतो. 'गुरे वळवली' हे वाक्य मराठीत आहे, पण त्याचा अर्थ वेगळा. कळप शेताकडे निघाला होता, त्याला ओढ्याकडे नेले, एवढेच ते सांगते. 'गुरे वळणे' म्हणजे दिवसभर ती राखणे, पांगू पाहणारे जनावर पुन्हा आत घेणे, कळपाचा कळप टिकवणे. गुराख्याच्या हाताखाली घडत असतो तो कळपाचा आकार, एकेका गाईची चाल नव्हे. म्हणजे हा अर्थ गाडीपेक्षा लाडवाच्या जवळचा आहे. बोबडीचे उत्तर तर वाक्यातच आहे. 'भीतीने बोबडी वळली', 'थंडीने बोटे वळली', 'रागाने मुठी वळल्या'. इथे हात नाही, पण जोर आहे, आणि आईला लागतो तोच 'ने' भीतीला आणि थंडीला लागला आहे. 'त्याने मुठी वळल्या' आणि 'त्याच्या मुठी वळल्या' ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. पहिल्यात माणसाने ठरवले आहे, दुसऱ्यात त्याच्या नकळत झाले आहे. एका प्रत्ययाच्या फरकाने इच्छा आणि अनिच्छा वेगळ्या झाल्या. दिशा बदलणे एवढाच अर्थ असता, तर मुठीला दिशा कुठली?

आता ज्या वाक्यासाठी हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो तिथे येतो. 'मला कळते पण वळत नाही.' घराघरात बोलले जाणारे हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने विलक्षण आहे. 'मला कळते' हे रोजचे, पण 'मला वळते' असे एकटे कुणी कधी म्हणत नाही. 'वळत नाही'ने 'मला' हे 'कळते'कडून उसने घेतले आहे. केवळ यमकासाठी तो शब्द तिथे बसला, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही, कारण स्वयंपाकघरात याच अर्थाचे 'वळत नाही' वेगळे आणि स्वतंत्रपणे जिवंत आहे. तूप कमी पडले की लाडू वळत नाही. इथे 'वळणे'चा कर्ता लाडू आहे, आणि सांगायचे आहे ते असे की हात तयार आहे, कृती माहीत आहे, पण मिश्रण साथ देत नाही. अमराठी शब्द बोलताना जीभ वळत नाही, नव्याने लिहू लागलेल्या मुलाचे अक्षर वळत नाही, हेही तसेच. 'कळते पण वळत नाही' म्हणणारा माणूस स्वतःला त्या मिश्रणाच्या जागी ठेवतो. समज आली आहे, पण अंग वाकायला तयार नाही. सिगरेट सोडायची आहे, व्यायाम करायचा आहे, वडिलांशी नीट बोलायचे आहे, आणि होत नाही, हे सारे या चार शब्दांत येते. 'वळण' हे नाम या क्रियापदाचे साठलेले रूप आहे. पुष्कळदा वाकवल्याने जे कायमचे वाकले ते वळण. म्हणून मुलांना वळण लावतात, अक्षराला वळण असते, आणि मोडी कागद वाचणारे चिटणिशी वळणाचे हस्ताक्षर पाहताच ओळखतात. वळणाचे पाणी वळणावरच जाते, ही म्हणही तेच सांगते. एकदा उतार पडला की जोर बाहेरून लावावा लागत नाही, तो जमिनीतच राहतो.

पूर्वपक्ष : हे सगळे 'फिरणे'लाही लागू करता येईल. डोके फिरते, वारे फिरते, पाठ फिरते. मराठीत हे शब्द एकमेकांच्या जागी खुशाल येतात. तुम्ही एकट्या 'वळणे'ला फार मोठे करता आहात.

उत्तरपक्ष : ते एकमेकांच्या जागी येतात असे वाटते, पण प्रत्यक्षात फारसे येत नाहीत. 'मी तिचे मन वळवले' म्हणजे तिला समजावून राजी केले. 'तिचे मन फिरले' म्हणजे आधीची माया किंवा आधीचा होकार गेला. 'त्याने बोलणे वळवले' म्हणजे तो विषय टाळून पुढे दुसरीकडे गेला, 'त्याने शब्द फिरवला' म्हणजे दिलेले वचन परत घेतले. वळलेला पुढे जातो. फिरलेला मागे येतो किंवा जागच्या जागी गरगरतो. क्रिकेटच्या मराठी समालोचनात हा भेद निखळ दिसतो. गोलंदाज 'फिरकी' टाकतो, कारण चेंडू स्वतःभोवती फिरत असतो. टप्पा पडल्यावर मात्र तो 'वळतो', कारण तिथे त्याची वाट वाकते. एकाच चेंडूसाठी एका क्षणी एक शब्द आणि पुढच्या क्षणी दुसरा. राजकारणात सरकारने निर्णय मागे घेतला की तुमचेच वर्तमानपत्र 'घूमजाव' किंवा 'यू टर्न' लिहिते. 'सरकार वळले' असे लिहीत नाही, आणि ते बरोबरच आहे.

'कडे वळणे' या प्रयोगाचीही मर्यादा आपण नकळत पाळतो. वकिली सोडून कुणी समाजकार्याकडे वळतो, कुणी शेतकरी फळबागेकडे वळतो. यात मनाचा कल आहे, संथपणा आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतली. मधल्या काळातल्या त्यांच्या वाचन-चिंतनाविषयी 'ते बौद्ध विचारांकडे वळत गेले' असे लिहिता येईल, पण नागपूरच्या त्या दिवसाविषयी 'वळले' लिहिणे तोकडे पडेल. तिथे 'स्वीकारला', 'दीक्षा घेतली' हेच शब्द हवेत, कारण तिथे कल संपून निश्चय उभा राहिला होता, तोही लाखो माणसांच्या साक्षीने.

पूर्वपक्ष : समजा, तुमचे भाषाशास्त्र सगळे मान्य केले. वाचकाला त्याचा उपयोग काय? मला रात्री पान सोडायचे असते.

उत्तरपक्ष : उपयोग तुमच्याच पानावर आहे. एक नदी घेऊ. कोयना महाबळेश्वराजवळ उगम पावून सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. हे वळणे डोंगराच्या उताराचे. त्याच परिसरात धरण बांधून तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला पोफळीच्या वीजघराकडे नेले, आणि ते पुढे वाशिष्ठीत जाऊन चिपळूणच्या बाजूला उतरते. हे वळवणे माणसाचे. एकाच नदीच्या बाबतीत 'वळते' आणि 'वळवले' यांच्यामध्ये निर्णय, पैसा, बुडालेली गावे आणि मिळालेली वीज हे सगळे उभे आहे. मुळशीला १९२१ साली धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. तिथेही प्रश्न पाण्याने आपणहून कुठे जावे हा नव्हता. पाणी कुणी, कुणाच्या जमिनीवर अडवून, कुणासाठी वळवावे, हा होता. गोव्यात म्हादईचे पाणी मलप्रभेच्या खोऱ्यात वळवण्याच्या कर्नाटकाच्या योजनेवरून वाद पेटला आणि लवादाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये निवाडा दिला, तरी तो शमला नाही. तिथल्या मराठी वाचकाला 'वळणे' आणि 'वळवणे' यांतला फरक कुणी समजावून द्यावा लागत नाही. तो त्याच्या विहिरीच्या पाण्याशी जोडलेला आहे.

आता तुमच्या दोन ठरीव वाक्यांकडे येतो. पहिले, 'निधी अन्यत्र वळवण्यात आला.' मराठीने 'वळवणे'त कर्त्यासाठी जागा राखून ठेवली आहे, आणि 'वळवण्यात आला' या रचनेने ती रिकामी सोडली. निधी नदीसारखा उताराने वळत नाही. तो नेहमी कुणीतरी वळवतो. दुसरे वाक्य, 'आंदोलनाला हिंसक वळण लागले.' इथे तर क्रियापदही गेले. 'लागणे' हा शब्द आपण कुठे वापरतो ते पाहा. आग लागते, नजर लागते, ठेच लागते. जे न मागता येऊन चिकटते ते लागते. मग हिंसा हवेतून आली असे वाचकाला वाटले तर नवल नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. आज तिथे हुतात्मा चौक आहे. त्या घटनेवर 'मोर्चाला हिंसक वळण लागले' हे वाक्य ठेवून पाहा. गोळी कुणी झाडली आणि कुणाला लागली, दोन्ही त्यात नाही. जे आंदोलन जमावाने पेटवले असेल त्यावरही हेच वाक्य बसते, आणि जे बाहेरून आलेल्या चार जणांनी बिघडवले असेल त्यावरही. तिन्ही प्रसंगांत दोष वेगवेगळ्यांचा आहे, वाक्य मात्र एकच.

पूर्वपक्ष : इथे मी हटणार नाही. घटना घडते तेव्हा पहिला दगड कुणी मारला हे आम्हाला माहीत नसते. पोलिस एक सांगतात, आंदोलक दुसरे. चौकशीआधी कुणाचे नाव घेतले तर उद्या अब्रुनुकसानीची नोटीस येते, आणि चुकीचे नाव छापले गेले तर माणसे मारली जाऊ शकतात. 'वळण लागले' हे वाक्य लबाडीचे नाही, सावधगिरीचे आहे. शिवाय जमावात एक कर्ता नसतो. गर्दी वाढते, अफवा पसरते, लाठी चालते, दगड येतो. तुम्ही 'ने' लावायला कर्ता मागता, पण तो तिथे नसतोच.

उत्तरपक्ष : यातला पूर्वार्ध मी मानतो. कळलेले नसताना नाव छापू नये, आणि अफवेच्या काळात तर मुळीच नाही. पण 'दगड कुणी मारला हे रात्रीपर्यंत कळलेले नाही' हे वाक्यही मराठीत लिहिता येते, मथळ्याखालच्या पहिल्या ओळीत सहज मावते, आणि ते तुमच्या सावधगिरीला धक्का लावत नाही. अज्ञान उघड सांगणे वेगळे, आणि कर्ता नव्हताच असे सुचवणे वेगळे. 'लागले' दुसरे करते. उत्तरार्धाबद्दलही थोडे मानतो. काही गोष्टींना वळण खरोखरच लागते. भाषेला लागते, पिढीला लागते, गावाच्या चालीरीतींना लागते, जिथे अनेक हातांचा जोर वर्षानुवर्षे साठत जातो. पण मोर्चाचा दिवस तसा नसतो. लाठीमाराचा आदेश कुणीतरी देतो, दुकानाची काच कुणीतरी फोडतो. कर्ते अनेक असतील तर वाक्ये अनेक लिहावीत, सांगितली कुणी तेही लिहावे. अलीकडे तुमच्या पानांवर 'आंदोलनाने हिंसक वळण घेतले' हेही दिसते. त्यात 'ने' आला, पण तो आंदोलनालाच लागला. म्हणजे कर्ता सापडेपर्यंत सगळ्या आंदोलकांवर ठपका. 'लागले'पेक्षा हे वाईट, कारण 'लागले' निदान कुणालाच दोष देत नव्हते. पोलिसांचे म्हणणे पोलिसांच्या नावावर आणि आंदोलकांचे त्यांच्या नावावर छापले, की या दोन्ही वाक्यांची गरज उरत नाही.

निधीच्या बाबतीत तर तुमची सबब मुळीच चालत नाही. तिथे गर्दी नसते, अंधार नसतो. एका योजनेचे पैसे दुसरीकडे नेण्याला शासकीय भाषेत 'पुनर्विनियोजन' म्हणतात. त्यासाठी प्रस्ताव तयार होतो, टिपणी फिरते, मंजुरी मिळते. शासन निर्णय निघाला तर त्यावर विभागाचे नाव असते, तारीख असते, खाली सही असते. वळवणारा हात कागदावर स्पष्ट दिसत असताना बातमीत 'वळवण्यात आला' लिहिणे म्हणजे भाषेने राखलेली जागा जाणूनबुजून मोकळी ठेवणे. तेवढी एक जागा भरा, एवढेच माझे मागणे आहे. आणि तुम्ही भरली नाही, तर वाचकांनी ती भरून मागावी. माहितीचा अधिकार कायदा २००५ पासून लागू आहे. पुढच्या वेळी गावच्या पाणीयोजनेचा, वसतिगृहाचा किंवा रस्त्याचा निधी 'वळवण्यात आल्या'ची बातमी आली, तर संबंधित कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा आणि त्यात तीन गोष्टी विचारा : कोणत्या योजनेतून, कोणत्या योजनेकडे, आणि कोणाच्या मंजुरीने.